डॉन अपशॉची ‘नॉक्सव्हिल’ सीडी: आठ महिने ऐकल्यानंतर

आधी तक्रार, कारण हे लिहायला तीच कारणीभूत आहे. अमेरिकन रचनाकार सॅम्युअल बार्बरची ‘नॉक्सव्हिल: समर ऑफ १९१५’ ही गायिका आणि वाद्यवृंदासाठीची सुमारे सोळा मिनिटांची रचना या सीडीवर एकाच ट्रॅकमध्ये आहे. मधे एकही खूण नाही. गाण्यात ट्राम जाते तो तुकडा पुन्हा ऐकायचा, तर बटण दाबून धरायचं, अंदाजाने सोडायचं, पुढे गेलो म्हणून मागे यायचं. बार्बरने रचना सलग लिहिली आहे म्हणून ट्रॅक एकच, असं समर्थन करता येईल, पण ते टिकत नाही. सीडीवर ट्रॅकची खूण म्हणजे विराम नव्हे. संगीत अखंड वाजत असतानाही खूण टाकता येते, ऑपेराच्या सीडींवर ती सर्रास असते. इथे चार-पाच खुणा टाकल्या असत्या तर कोणाचंही काही बिघडलं नसतं.

सीडी नॉनसच कंपनीची, १९८९ सालची. गाणारी डॉन अपशॉ, सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीत गाणारी. सोबत संचालक डेव्हिड झिनमन आणि न्यूयॉर्कचा ऑर्केस्ट्रा ऑफ सेंट ल्यूक्स. ग्रॅमी मिळालेली आहे, त्यामुळे माहिती सगळीकडे सापडते. दुसरी तक्रार काटकसरीची: बार्बर, मेनोट्टी, हार्बिसन (मीराबाईच्या पदांवरची सहा गाणी) आणि स्ट्राविन्स्की मिळून ऐवज जेमतेम पाऊण तासाचा. त्या काळच्या डिस्कवर ७४ मिनिटं मावत होती. पूर्ण किमतीला घेणाऱ्याने हे ध्यानात धरावं.

आता मुद्द्याचं. ‘नॉक्सव्हिल’ नुसती कानाने ऐकून हाती लागत नाही, शब्द समोर हवेत. अमेरिकन लेखक जेम्स एजीचा हा मजकूर कविता नाहीच, गद्य आहे. १९३८ मध्ये तो एका नियतकालिकात छापून आला, पुढे त्याच्या मरणोत्तर कादंबरीच्या सुरुवातीला बसवला गेला. एजीने तो दीडेक तासात, जवळजवळ खाडाखोड न करता लिहिला होता. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिल गावातली उन्हाळ्यातली संध्याकाळ, घरापुढच्या ओसरीवर झुलत्या खुर्चीत बसलेली माणसं, रस्त्याने जाणारे लोक, घोडागाडी, मोटार, ट्राम, मग अंधार, परसातल्या गवतावर अंथरलेल्या गोधड्या आणि त्यांवर पहुडलेली घरची मंडळी. सांगणारं एक लहान मूल.

बार्बरने यातला शेवटचा भागच घेतला, आणि इथे नव्या ऐकणाऱ्याची हमखास फसगत होते. रात्रीचं वर्णन सुरू होतं तेव्हा मूल सांगतं, की वडिलांनी नळीतलं पाणी काढून टाकलं आणि नळी गुंडाळून ठेवली. कुठली नळी? तोवर गाण्यात नळीचा उल्लेखसुद्धा आलेला नसतो. एजीच्या मूळ मजकुरात त्याआधी कितीतरी वेळ गल्लीतले सगळे बाप शर्टाच्या बाह्या सरसावून हिरवळीला पाणी घालत असतात. नळीच्या तोंडाशी बोटाने धार कमीजास्त केली की आवाज कसा बदलतो, हेसुद्धा त्यात आहे. तो सगळा भाग गाण्यात नाही. मूळ मजकूर एकदा वाचून घ्या, मग ही नळी गुंडाळण्याची ओळ घशात अडकते. एजीचे वडील १९१६ मध्ये अपघातात गेले. बार्बरने ही रचना केली १९४७ साली, आणि त्याचे वडील त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. रचना त्यांनाच अर्पण केलेली आहे.

आवाजाबद्दलचं मत मात्र मधेच बदललं. पहिले दोनेक महिने अपशॉचा आवाज या रचनेला हलका वाटत होता. कारण सरळ आहे, कानात आधीची थोर सोप्रानो लिऑन्टिन प्राइस बसलेली. तिचं १९६८ चं ध्वनिमुद्रण, सोबत टॉमस शिपर्स आणि न्यू फिलहार्मोनिया, अजूनही थोर आहे. ‘माणसं या पृथ्वीवर असण्याचं दुःख’ ज्या ओळीत येतं तिथे प्राइस जी उंची गाठते ती अपशॉ गाठत नाही. पण प्राइसच्या आवाजात एक प्रौढ बाई आपलं बालपण आठवत असते. अपशॉच्या आवाजात मूल स्वतः बोलतं. शेवटी घरची मंडळी त्याला आत नेऊन झोपवतात, त्याच्यावर माया करतात, पण तू कोण आहेस हे काही सांगत नाहीत. तिथे अपशॉ आवाज सपाट ठेवते, जराही कंप वाढवत नाही. झोपेने डोळे जडावलेलं मूल असंच बोलेल. सहाव्या महिन्यात प्राइसकडे परत गेल्यावर तोच शेवट जरा जास्त सजवलेला वाटला. अपशॉचा जन्मही टेनेसीतलाच, नॅशव्हिलचा, पण उच्चारात ती गावरान हेल आणत नाही हे बरं.

सोप्रानो एलिनॉर स्टेबरचं १९५० चं मोनो ध्वनिमुद्रण सगळ्यांनी एकदा तरी ऐकावं. रचना तिनेच करून घेतली आणि ९ एप्रिल १९४८ ला कूसेविट्झकीच्या बॉस्टन सिंफनीबरोबर पहिल्यांदा गायली. मग १९५० मध्ये बार्बरने वाद्यमेळ कमी केला: बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बॅसून यांचा एकेक वादक, दोन हॉर्न, एक ट्रम्पेट, ट्रँगल, हार्प आणि तंतुवाद्यं. आज बहुतेक ठिकाणी हीच आवृत्ती वाजते. हा बारका मेळ अपशॉच्या सीडीत जितका स्वच्छ ऐकू येतो तितका इतरत्र क्वचितच. ट्रामचा तुकडा त्याचा उत्तम दाखला. झोके देणारी लय एकदम तुटते, वुडविंड्सचे (बासरी-ओबोसारख्या फुंकवाद्यांचे) तुटक, टोकदार स्वर येतात, गाणारीचे शब्द धावायला लागतात, लोखंडी कण्हणं, घंटा, तारेवर तडतडणारी ठिणगी. ती ठिणगी ट्रामच्या मागे लागलेल्या एखाद्या छोट्या दुष्ट पिशाच्चासारखी आहे, असं एजी म्हणतो. मग ट्राम वेग घेत लांब जाते, आवाज विरतो, आणि रात्र म्हणजे एकच निळं दव होते. ही ओळ वरच्या पट्टीत आणि अगदी हळू गायची असते. अपशॉ तो स्वर अलगद ठेवते.

वरच्या पट्टीत शब्द का कळत नाहीत, याचं कारण गाणारीच्या निष्काळजीपणात नसतं. प्रत्येक स्वराला, म्हणजे ‘आ’, ‘ई’, ‘ऊ’ यांना, तोंडाच्या पोकळीतून येणारी ठरावीक कंपनं ओळख देतात. ‘ई’ आणि ‘ऊ’ची सर्वांत खालची कंपनं ३०० ते ४०० हर्ट्झच्या आसपास असतात. सोप्रानो ६०० किंवा ७०० हर्ट्झवर गाते, तेव्हा तिचा मूळ सूरच त्यांच्या वर गेलेला असतो. तिथे असे स्वर एकमेकांपासून वेगळे ओळखणं अवघड होतं, मग इंग्रजी कितीही चांगलं असो. म्हणून मजकूर हाताशी ठेवा. आपल्या भावगीताच्या सवयीने, माइकसमोर मध्य सप्तकात गायलेला शब्द जसा कानात पडतो तशी इथे अपेक्षा ठेवली, तर निराशा पदरी पडेल.

ऐकण्याची सोय. आवाजाची पातळी सुरुवातीवरून ठरवू नका. सुरुवात इतकी हळू आहे की हात आपोआप वाढवायला जातो, आणि ट्राम आली की स्पीकर किंचाळतो. आधी ट्रामचा तुकडा लावा, तो सोसेल इतका आवाज ठेवा आणि मग सुरुवातीला या. छतावरचा पंखा बंद ठेवावा लागतो. पंख्याच्या घरघरीत हार्प आणि हळू तंतुवाद्यं पार बुडतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं ध्वनिमुद्रणच मंद आहे. स्ट्रीमिंगवर ऐकत असाल तर ‘नॉर्मलायझेशन’ (आवाज सारखा करण्याची सोय) बंद करा. ते चालू असताना मिश्र प्लेलिस्टमध्ये प्रत्येक ट्रॅक एका पातळीला आणला जातो, त्यामुळे मीरेचं सगळ्यांत शांत गाणं स्ट्राविन्स्कीच्या बरोबरीला येऊन बसतं. स्वतःच्या फाइलींना रिप्लेगेन (आवाजाची पातळी जुळवणारी तशीच सोय) लावताना ‘ट्रॅक गेन’ नको, ‘अल्बम गेन’ घ्या. काही ब्लूटूथ स्पीकर फार हळू भागात स्वतःला गप्प करतात आणि पुन्हा जागे होताना पहिला सूर खातात. त्याला इलाज वायरचाच.

आता खुणा टाकण्याचं काम. एकदा केलं की सुटलात. सीडी ‘सिक्युअर’ पद्धतीने रिप करा, म्हणजे तपासून संगणकावर उतरवा (एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा मॅकवर एक्सएलडी), फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणाऱ्या फाइलीत) ठेवा, अ‍ॅक्युरेटरिपचा निकाल (इतरांच्या रिपशी केलेला ताळा) जुळतो का पाहा. मग मजकूर समोर धरून एकदा ऐका आणि पाच जागांची वेळ टिपून घ्या: ओसरी, ट्राम, निळं दव, परसातल्या गोधड्या, शेवटची प्रार्थना. खुणा क्यू फाइल नावाच्या मजकुराच्या फाइलीत लिहायच्या. तिच्यात वेळ मिनिट, सेकंद आणि फ्रेम अशी लिहायची असते. एका सेकंदाच्या ७५ फ्रेम, म्हणजे तिसरा आकडा ०० ते ७४ एवढाच. इथे बरेच जण शंभर भाग समजून ८० किंवा ९० लिहितात, आणि प्लेअर फाइल नाकारतो. ट्रामची खूण ऑर्केस्ट्राच्या पहिल्या आघाताच्या दोन-तीन फ्रेम आधी टाका, आघातावर टाकली तर सूर चिरल्यासारखा सुरू होतो. संगणकावरचा प्लेअर फूबार २००० अशी क्यू फाइल नीट वाचतो. फोनवरचे बरेच प्लेअर वाचत नाहीत, तिथे फाइल खरोखर तोडावी लागते. तोडायची तर फ्लॅकमध्येच तोडा. एमपीथ्री १,१५२ नमुन्यांच्या साच्यात बसवताना पुढेमागे रिकामी जागा भरली जाते, आणि जोडाच्या ठिकाणी बारीक उचकी ऐकू येते.

नावांचंही एकदा काम करा. हार्बिसनची सहा गाणी फोनच्या पडद्यावर सहा वेळा ‘मीराबाई साँग्ज…’ एवढीच दिसतात, पुढचं कापलं जातं. क्रमांक आणि पहिले शब्द आधी, मालिकेचं नाव नंतर, असं लिहिलं की सुटतं.

आणि या सहा गाण्यांसाठीच आता ही सीडी लावली जाते. पहिल्या महिन्यात हे लिहिलं असतं तर त्यांना एका ओळीत निकालात काढलं असतं. जॉन हार्बिसनने १९८२ मध्ये कवी रॉबर्ट ब्लायने केलेल्या मीरेच्या पदांच्या इंग्रजी रूपांतरांवर ती रचली, आधी आवाज आणि पियानोसाठी, मग छोट्या वाद्यमेळासाठी. अडचण अशी की पदं आपल्या ओळखीची आहेत. पहिलं गाणं म्हणजे ‘माई री मैं तो लियो गोविंदो मोल’. ढोल वाजवत घेतला, तराजूत तोलून घेतला, सगळं ब्लायच्या इंग्रजीत आहे. पण गोविंदाचा ‘डार्क वन’ झाला की सावळ्या विठ्ठलावर वाढलेल्या कानाला खटकतं. ‘डार्क’मध्ये काळोख आहे, सावळ्याची माया नाही. शिवाय तंबोरा नाही, ठेका नाही, रागाची छाया नाही.

नेमकं हेच पुढे आवडायला लागलं. हार्बिसन भारतीय संगीताची नक्कल करतच नाही. सतारीसारखा आवाज काढत नाही, भक्तीचा धूपही दरवळवत नाही. बाजारात भर दिवसा काहीतरी विकत घेऊन ठणकावून सांगणाऱ्या बाईचा आवेश त्याने पकडलाय, तुटक आणि हट्टी लयीत. मीरा अशीच होती. शेवटचं गाणं ‘जोगी मत जा’. ओंकारनाथ ठाकूरांची भैरवी ज्यांनी ऐकली आहे त्यांना ती आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि ती बाजूला ठेवायला वेळ लागतो. मग ब्लायची ओळ ऐकू येते: मी जळून राख झाले की ती आपल्या अंगाला फास. ‘जोत में जोत मिला जा’ इंग्रजीत येतं ते फार साधं होऊन: माझ्याकडे थोडा उजेड आहे, तो तुझ्या उजेडात मिसळायचाय. अपशॉ इथे ‘नॉक्सव्हिल’च्या शेवटासारखाच आवाज उघडा ठेवते. या दोन जागा लागोपाठ ऐकल्यावर सीडीवरची निवड कळते.

मेनोट्टीचा तुकडा रेडिओसाठी लिहिलेल्या ऑपेरातला आहे, झकास गायलाय, पण शंभरदा ऐकण्यासारखा नाही. स्ट्राविन्स्कीची ‘द रेक्स प्रोग्रेस’मधली आरिया उत्तम, मात्र ती ऐकायची तर अख्ख्या ऑपेरातच ऐकावी.

जुनी प्रत घेताना विक्रेत्याकडे दोन फोटो मागा: लेबलची बाजू आणि बुकलेटची पानं. खालच्या बाजूचे ओरखडे बहुधा चालून जातात. लेबलच्या बाजूचा खोल ओरखडा चालत नाही, कारण माहिती साठवलेला अ‍ॅल्युमिनियमचा थर त्या बाजूला नुसत्या लाखेखाली असतो. पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात बुकलेटची गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटतात, जून लागायच्या आत ते केसबाहेर काढून कागदी पाकिटात ठेवा. पाठवणीचा खर्च डिस्कपेक्षा जास्त पडत असेल, तर दोन-तीन सीडी एकदम मागवल्याशिवाय परवडत नाही. अशा वेळी जोडीला प्राइसची मागवा.

एक शेवटची सोय. मीरेचं सहावं गाणं संपलं की काही क्षणांत स्ट्राविन्स्की सुरू होतो, आणि तिथे तो नको असतो. फूबारमध्ये ‘स्टॉप आफ्टर करंट’ लावून ठेवा. सीडी प्लेअरवर पहिल्या ट्रॅकपासून मीरेच्या शेवटच्या गाण्यापर्यंतचाच प्रोग्रॅम लावा.