फेस वाटीत करावा की थेट गालावर?
दाढीच्या घट्ट साबणाची सुरुवात दोन्हीकडे एकच: ब्रश कोमट पाण्यात भिजवून झटकायचा, साबणावर 30 सेकंद फिरवायचा. वाटीत मग थेंबाथेंबाने पाणी घालत मिनिटभर घोटायचं. फेस किती ओला झाला ते डोळ्यांना दिसतं, म्हणून नवख्याला वाटीच बरी. थंडीत मात्र तो लवकर निवतो. गालावर घोटला की केस उभे राहतात, भांडंही वाचतं. पण नाजूक कातडीला डुकराच्या केसांचा नवा ब्रश बोचतो.

मोठे बुडबुडे आले तर पाणी जास्त किंवा साबण कमी; फेस गालावर सुकला तर पाणी कमी. बोअरच्या क्षारांच्या पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी जोडलं जाऊन चिकट साका होतो. तिथे पद्धत बदलून उपयोग नाही, आरओचं वाटीभर पाणी घ्या.