शेवंतीच्या कानात बिल्ला कुठाय?

आकडा आधीच सांगते. कुत्र्याच्या खोट्या विम्यात माझे १२,१५० रुपये गेले. माझ्या शब्दावर विसंबून आमच्या जॉगिंग ट्रॅकवरच्या अण्णांचे १३,६०० गेले. माझ्या पैशांचं दुःख एव्हाना निवलंय, अण्णांच्या पैशांचं निवत नाही. ज्यांच्या घरी कुत्रं आहे आणि ज्यांना कुणी त्याचा विमा काढायला सांगतंय, त्यांनी हे जरा सवडीने वाचा.

आमची शेवंती गावठी. २०१८ च्या नागपंचमीला, धो धो पावसात, सोसायटीच्या जनरेटरच्या शेडखाली सापडली. तळहातावर मावेल एवढी, आणि अंगभर गोचीड. माझे यजमान त्याच वर्षी चैत्रात गेले होते. मुलगा बंगळूरला. घरात आवाज म्हणून फक्त कुकरच्या शिट्टीचा. शेवंती आली आणि मला पुन्हा कुणाशी तरी बोलायची सवय लागली. पहाटे साडेपाचला पलंगाच्या कडेला हनुवटी टेकवून ती नुसती बघत बसते, भुंकत नाही. मला ताप आला होता तेव्हा दोन दिवस तिने वाटीला तोंड लावलं नव्हतं. हे सांगायचं कारण एवढंच, की मला फसवणाऱ्या माणसाने पहिल्यांदा हेच हेरलं.

मार्च २०२४ मधली गोष्ट. आम्ही नाशिकला, इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकच्या बाजूला राहतो. सकाळी कुत्री फिरवणाऱ्यांचा आमचा दहा-बारा जणांचा गट आहे. एका रविवारी ट्रॅकबाहेर टेबल मांडून एक तरुण बसला होता. मागे बॅनर, बॅनरवर एका नावाजलेल्या विमा कंपनीचं चिन्ह, गळ्यात ओळखपत्र. तो उठून आमच्याकडे आला नाही. शेवंती जवळ गेली तेव्हा जमिनीवर उकिडवा बसला, हात वरून न नेता खालून पुढे केला, तिला वास घेऊ दिला. कुत्र्यातला माणूस असाच वागतो. मग त्याने मला विचारलं, "काकू, हिचा वाढदिवस कधी असतो?" मी म्हटलं, सापडली तो दिवस, नागपंचमी. त्याने ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

योजना अशी होती: वर्षाला ६,८०० रुपये, ६० हजारांपर्यंतचा दवाखान्याचा खर्च, लशी आणि तपासणी त्यातच, कुत्रा कुणाला चावला तर त्याची भरपाईही त्यातच. वयाची अट नाही. जातीची अट नाही. आजपासून लागू. "गावठी कुत्र्यांचा विचार कुणीच करत नाही काकू, आम्ही करतो," असं तो म्हणाला आणि मी तिथेच विरघळले. कारण गावठी म्हणून तिची हिडीसफिडीस झालेली मी सहा वर्षं बघत आले होते.

मी शाळेच्या कार्यालयात ३१ वर्षं काम केलं. पावतीवर शिक्का नसेल तर पालकांना परत पाठवलेलं आहे. त्या दिवशी मात्र क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर कंपनीऐवजी कुणा व्यक्तीचं नाव आलं, आणि तरी मी बटण दाबलं. तो म्हणाला, कंपनीचं खातं मार्चअखेरीमुळे बंद आहे, हे आमच्या टीम लीडरचं. मार्चअखेर म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक, त्यामुळे ते पटलंही. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर चार पानांची पॉलिसी आली. वर शेवंतीचा फोटो, खाली पॉलिसी क्रमांक. मी ती प्रिंट काढून तिच्या लसीकरणाच्या पुस्तकात ठेवली.

पुढच्या आठवड्यात मी ती अण्णांना दाखवली. अण्णा ७६ वर्षांचे, पेन्शनर. त्यांच्याकडे दोन पॉमेरियन, एक चार वर्षांची आणि एक तेरा वर्षांची, डोळ्यांत मोतीबिंदू झालेली. अण्णा म्हणाले, "एवढ्या म्हातारीचा विमा कोण काढेल?" मी म्हटलं, मी फोन लावून देते. मीच लावून दिला.

नागपंचमीला त्या तरुणाचा मेसेज आला. शेवंतीच्या फोटोभोवती झेंडूची माळ लावलेला. मुलाच्याही लक्षात नव्हतं त्या वर्षी.

नवरात्रात शेवंती माजावर आली. नसबंदी मी पुढे ढकलत राहिले होते. तिला भूल द्यायची म्हटलं की माझ्याच पोटात गोळा यायचा. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती खूप पाणी प्यायला लागली. भांडं भरावं आणि अर्ध्या तासात रिकामं. थंडी पडायला लागलेली, एवढी तहान कशाची, असं वाटलं पण दोन दिवस घालवले. तिसऱ्या दिवशी उलट्या आणि पोट टणक. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं, पायोमेट्रा. म्हणजे गर्भाशयात पू. नसबंदी न झालेल्या मध्यमवयीन कुत्रीला माज संपल्यावर साधारण एक-दोन महिन्यांत हे होऊ शकतं. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर बाहेर स्राव दिसतो आणि लवकर कळतं. शेवंतीचं बंद होतं, म्हणून बाहेर काहीच दिसलं नाही, आणि बंद असलेलं जास्त घातक. त्याच रात्री शस्त्रक्रिया करून गर्भाशय काढावं लागलं. या आजाराबद्दल एवढं लिहिलं ते मुद्दाम. कुणाची कुत्री अशी पाणी पीत असेल तर वाट बघू नका.

खर्च ३४,५०० झाला. रात्री साडेअकराला दवाखान्याच्या बाकावरून मी त्या तरुणाला फोन केला. पहिल्याच रिंगला उचलला. "काकू, शेवंती कशी आहे, आधी ते सांगा." मला रडू फुटलं. घरच्या माणसांत असं आधी विचारणारं त्या रात्री दुसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिलं पाठवली, दुपारी उत्तर आलं: ३१,००० मंजूर. फक्त फाइल चार्ज ३,२०० भरायचे, ते क्लेमसोबत परत मिळतील. भरले. संध्याकाळी कळलं की मंजूर रकमेवरचा कर २,१५० आधी जमा करावा लागतो, नाहीतर फाइल रद्द. आत शेवंतीला सलाईन लावलेलं, बाहेर मी. तेही भरले. तिसऱ्यांदा ना-हरकत दाखल्याचे ४,९०० मागितले तेव्हा योगायोगाने माझा भाऊ शेजारी होता. दादा दिंडोरी तालुक्यातून शेवंतीला बघायला आला होता.

दादाकडे गायी आहेत, विमा उतरवलेल्या. त्याने माझ्या हातातून मोबाइल घेतला, पॉलिसी वाचली आणि विचारलं, "अगं, हिच्या कानात बिल्ला कुठाय?"

मला कळेना. तो म्हणाला, गायीचा विमा काढताना सरकारी डॉक्टर गोठ्यात येतो, जनावर तपासतो, वय आणि किंमत लिहितो, कानात क्रमांकाचा बिल्ला मारतो, बिल्ला दिसेल असा फोटो काढतो. जनावर मेलं की तोच बिल्ला दाखवावा लागतो. बिल्ला नाही तर पैसे नाहीत. त्याची एक गाय बिल्ला पडल्याचं वेळेत न कळवल्यामुळे विम्यातून गेली होती. "कंपनीला कसं कळणार की मेलेली गाय तीच? मग तुझ्या या पोरीला कुणी तपासलं? हीच शेवंती हे कुठे लिहिलंय?"

कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या माणसाने शेवंतीचं लसीकरणाचं पुस्तकसुद्धा उघडून पाहिलं नव्हतं. मी माहेरी हे गायींचे बिल्ले लहानपणापासून बघितलेत. त्या क्षणी मला दवाखान्याचा बाक धरून बसावं लागलं.

शेवंती घरी आल्यावर, टाके सुकू लागल्यावर, मी त्या विमा कंपनीच्या नाशिकच्या कार्यालयात गेले. यात नऊ दिवस गेले. तिथल्या बाईंनी पॉलिसी क्रमांक संगणकात टाकला. तो दुसऱ्या राज्यातल्या कुणाच्या तरी मोटारसायकलचा निघाला. त्या म्हणाल्या, "ताई, कुत्र्यांची पॉलिसी असते, पण ती अशी नसते." आणि मग त्यांनी मला खऱ्या पॉलिसीचा नमुना समोर ठेवून अर्धा तास समजावलं. त्यांच्या त्या अर्ध्या तासातलं जेवढं मला कळलं ते इथे देते.

खऱ्या कागदावर कंपनीच्या नोंदणी क्रमांकाबरोबर त्या पॉलिसीचा स्वतःचा एक ओळख क्रमांक छापलेला असतो, त्याला यूआयएन म्हणतात. विमा नियामक प्राधिकरणाने प्रत्येक विमा उत्पादनाला तो दिलेला असतो आणि त्यांच्या संकेतस्थळावर तो शोधता येतो. माझ्या चार पानांत तो नव्हता. खऱ्या पॉलिसीच्या शेवटी तक्रार कुठे करायची ते आणि विमा लोकपालांच्या कार्यालयांचे पत्ते असतात. महाराष्ट्रात मुंबईला, ठाण्याला आणि पुण्याला ही कार्यालयं आहेत. माझ्याकडच्या शेवटच्या पानावर पंजाचे ठसे छापलेले होते. कुत्र्याची ओळख पटवायला बहुतेक कंपन्या फोटो घेतातच, अनेकदा कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा १५ अंकी क्रमांकही. शिवाय डॉक्टरांचा दाखला आणि लशींची नोंद. लस चुकली असेल तर पार्व्हो किंवा डिस्टेंपरसारख्या आजाराचा खर्च नाकारला जाऊ शकतो. पॉलिसी सुरू झाल्यावर आजारांसाठी काही दिवसांचा प्रतीक्षाकाळ असतो, म्हणजे तेवढ्यात झालेल्या आजाराचा खर्च मिळत नाही. वयाला वरची मर्यादा असते, ग्रेट डेनसारख्या महाकाय जातींना ती आणखी कमी. काही पॉलिसींत गावठी कुत्री बसतात, काहींत नाही.

म्हणजे ज्या ज्या अटी नाहीत म्हणून मी खूश झाले होते, त्या सगळ्या खऱ्या विम्यात कमीअधिक असतात. अण्णांच्या तेरा वर्षांच्या कुत्रीचा विमा निघाला, तिथेच मला शंका यायला हवी होती.

आणि बाईंनी दोनदा सांगितलेली गोष्ट: क्लेम देण्यासाठी कंपनी ग्राहकाकडून आधी पैसे मागत नाही. ना फाइल चार्ज, ना कर. काही कापायचं असेल तर ते मिळणाऱ्या रकमेतून कापलं जातं.

त्याच दुपारी १९३० ला फोन केला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांत फोन केला तर ज्या खात्यात ते गेले तिथेच गोठवले जाण्याची शक्यता असते. मी नऊ दिवसांनी केला. तोवर माझे पैसे तीन खात्यांतून पुढे निघून गेले होते. पोलिसांनी मार्चचा व्यवहार जुन्या दंड संहितेच्या ४२० कलमाखाली आणि नोव्हेंबरचे नव्या न्याय संहितेच्या ३१८ खाली घेतले, कारण मधे जुलैत कायदा बदलला होता. ट्रॅकवरच्या आणखी चौघांची नावं निघाली. दोघे तक्रार द्यायला आले, दोघे लाजेखातर आले नाहीत. तपास अजून चालू आहे.

त्या संध्याकाळी मी अण्णांकडे गेले. त्यांनी पॉलिसी फ्रेम करून दाराजवळ लावली होती, दोन्ही कुत्र्यांच्या फोटोसकट. मी सांगत असताना ते म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलं होतं." त्यांनी माझ्याकडून पैसे घ्यायला नकार दिला. मी दर महिन्याला त्यांच्या कुत्र्यांचं खाणं आणून देते, ते तेवढं घेतात.

शेवंतीचा विमा मी परत काढला नाही. सहा वर्षं उलटलेली, एक मोठी शस्त्रक्रिया झालेली. तिच्या नावाने, म्हणजे माझ्याच नावाने, पोस्टात महिना ७०० रुपयांचं आवर्ती खातं उघडलंय आणि पासबुक लसीकरणाच्या पुस्तकातच ठेवलंय. ज्यांची पिल्लं लहान आहेत त्यांनी खरा विमा जरूर बघावा. कंपनीच्या कार्यालयात जाऊन किंवा तिच्या अधिकृत संकेतस्थळावर, पैसे कंपनीच्याच नावाच्या खात्यात भरून. खऱ्या कंपनीविरुद्ध तक्रार असेल तर विमा नियामक प्राधिकरणाचं बीमा भरोसा पोर्टल आहे, फोन १५५२५५.

२९ जुलै २०२५ ला नागपंचमी होती. सकाळी सात वाजता एका नव्या क्रमांकावरून मेसेज आला. तोच फोटो, तीच झेंडूची माळ. "शेवंतीला सातव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. नूतनीकरणावर ३० टक्के सूट." शेवंती तेव्हा माझ्या पायाशी झोपली होती, पोटावरची टाक्यांची रेघ केसांखाली जवळजवळ झाकलेली. मी स्क्रीनशॉट काढला, तिला फिरवायला नेता नेता ठाण्यात गेले आणि तो क्रमांक तक्रारीत जोडून घेतला. तुमच्यापैकी कुणालाही तुमच्या कुत्र्याच्या नावाने असा मेसेज आला असेल, तर तो पुसून टाकू नका. आधी १९३० लावा.