स्टेशनजवळचा क्लास, एनपीटीईएल की आपलाच लॅपटॉप?

माझा भाचा तुर्भ्याला एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बसतो. बी.कॉम. झालाय, एक्सेलवर हात बसलेला आहे, पिव्होट डोळे मिटून लावतो. गेल्या महिन्यात मालकांनी त्याला विचारलं, या वर्षी गाडीभाड्यात किती गेले? त्याने दोन शीट जोडून आकडा दिला, तो खऱ्याच्या दुपटीहून जास्त निघाला. त्या रविवारी ठाण्यात चरईला माझ्याकडे आला तो हाच प्रश्न घेऊन. "मावशी, डेटाबेस नीट शिकायचाय. ठाणे स्टेशनजवळचा क्लास लावू, ऑनलाइन कोर्स करू, की घरीच बसून करू?"

मी ऐरोलीला डेटाच्याच कामावर आहे आणि या तिन्ही वाटांवर माझ्या चपला झिजल्यात. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी त्याची चूक बघू, कारण तिन्ही वाटा मी त्याच चुकीवर मोजणार आहे.

गाडी तुर्भ्याहून नाशिकला गेली, भाडं 18,000 रुपये. गाडीत तीन पार्ट्यांचा माल, म्हणजे तीन बिल्ट्या (बिल्टी म्हणजे पाठवलेल्या मालाची पावती). एका शीटमध्ये दर ट्रिपला एक ओळ, दुसऱ्यात दर बिल्टीला एक. ट्रिप नंबरवर दोन्ही जोडली की तेच 18,000 तीन ओळींत उतरतात आणि बेरीज येते 54,000. सूत्र बरोबर, जोडणी बरोबर, उत्तर चूक. कारण भाडं ट्रिपचं आहे, बिल्टीचं नाही. आता कुठली पार्टी किती फायद्याची हे काढायचं असेल तर ते 18,000 तिन्ही बिल्ट्यांत वाटावे लागतील. कशावर वाटायचे? वजनावर? थर्माकोलचे खोके वजनाला काहीच नाहीत, पण अर्धी गाडी खातात. हे कुठलंही सॉफ्टवेअर सांगत नाही, मालकाला विचारावं लागतं.

टेबलातली एक ओळ म्हणजे नेमकं काय, याला आमच्या धंद्यात ग्रेन म्हणतात. डेटाबेस डिझाइनचा निम्मा जीव त्या एका वाक्यात असतो. म्हणून मी प्रत्येक वाटेला एवढंच विचारते: कोरा कागद समोर ठेवून हे वाक्य तुमच्याकडून कुणी लिहून घेतं का? आणि लिहिलेलं कुणी तपासतं का?

क्लास

मी 2017 मध्ये ठाणे पश्चिमेला एक क्लास लावला होता. शनिवार-रविवार, चार महिने, 28 हजार रुपये. पहिले दोन महिने आम्ही ओरॅकलच्या त्या जगप्रसिद्ध एम्प आणि डेप्ट टेबलांवर क्वेऱ्या लिहिल्या, म्हणजे एसक्यूएल या भाषेत डेटाबेसला प्रश्न विचारले. 14 कर्मचारी, 4 खाती. त्यांचे पगार मला आजही माझ्या पगारापेक्षा चांगले आठवतात. फायदा खरा झाला: जॉइन, ग्रुप बाय, सबक्वेरी हे सगळं बोटांत उतरलं. अडलं की मागच्या बाकावरून हात वर करता यायचा आणि सर फळ्यावर दोन गोल काढून समजावायचे.

पण टेबलं आयती होती. प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) लावलेली, फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीचा दुवा) लावलेली, नावं स्वच्छ. नॉर्मलायझेशन, म्हणजे पुनरुक्ती टाळायला टेबलांचे तुकडे करायची पद्धत, एका रविवारी उरकलं, तेही इंटरव्ह्यूत विचारतात म्हणून पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या फॉर्मची व्याख्या पाठ करायला. शेवटचा महिना डॅशबोर्डला. पुढे नोकरीच्या पहिल्या आठवड्यात माझ्यापुढे 11 एक्सेल फायली आल्या आणि सांगितलं गेलं, यातून टेबलं बनवा. मी दोन दिवस नुसती स्क्रीनकडे बघत होते. (दारावरच्या पाटीत 100 टक्के प्लेसमेंट होती. ती म्हणजे कंपन्यांच्या ईमेल पत्त्यांची एक यादी निघाली.)

तरीही क्लास वाईटच, असं मी म्हणणार नाही. दोन खोल्यांचं घर, एकीकडे टीव्ही, एकीकडे कुणाची दहावी, आणि आपण साडेआठला ठाण्यात उतरणार, अशा माणसाला बसायला एक बाक आणि तीन तासांची सक्ती मिळणं ही मोठी गोष्ट आहे. फक्त डेमो लेक्चरला जाल तेव्हा एक विचारा: "सर, कोऱ्या कागदावरून टेबलं आम्ही बनवणार का, आणि ती तपासून कोण देणार?" उत्तरात पायथन, पॉवर बीआय, टॅब्लो, एआय सगळं तीन महिन्यांत, असं ऐकू आलं तर पैसे भरू नका. टूलची नावं जितकी जास्त, तितका डिझाइनला वेळ कमी, हा माझा अनुभव.

एनपीटीईएल

एनपीटीईएल म्हणजे आयआयटीसारख्या संस्थांतल्या प्राध्यापकांचे ऑनलाइन कोर्स. त्यात आयआयटी खरगपूरतर्फे प्रा. पार्थ प्रतिम दास यांचा डेटाबेस मॅनेजमेंट सिस्टीमचा आठ आठवड्यांचा कोर्स आहे. व्हिडिओ आणि असाइनमेंट फुकट. सर्टिफिकेट हवं असेल तर फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. असाइनमेंटला 25, परीक्षेला 75 गुण. क्लासमध्ये एका रविवारी गुंडाळलेलं नॉर्मलायझेशन इथे मुळापासून येतं. एडगर कॉड या आयबीएमच्या गणितज्ञाने 1970 मध्ये रिलेशनल मॉडेल, म्हणजे डेटा एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवायची कल्पना, मांडलं, पीटर चेन यांनी 1976 मध्ये एंटिटी-रिलेशनशिप आकृत्या (कुठल्या गोष्टी आणि त्यांची एकमेकांशी नाती काय, हे दाखवणाऱ्या) आणल्या. त्यांनी असं का केलं, हे कळल्यावर नियम पाठ करावे लागत नाहीत. एक गोष्ट एकाच जागी लिहायची, म्हणजे बदलताना एकाच जागी बदलावी लागते. पार्टीचा फोन नंबर चाळीस बिल्ट्यांवर लिहिला की त्यातल्या सदतीसच दुरुस्त होतात, हे भाच्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

अडचणी दोन. लेक्चर इंग्रजीत आणि अंगावर येणारं. ट्रेनमध्ये बघू म्हणाल तर ठाण्याहून पनवेलला जाणाऱ्याचं एक लेक्चर होईल. माझ्यासारख्या ऐरोलीला उतरणाऱ्याचं नाव-गाव-पत्त्यापर्यंतच होतं.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. हा अभ्यास मुख्यतः नोंदी लिहिणाऱ्या डेटाबेसचा आहे: बुकिंग, बिलिंग, बँक. ॲनालिटिक्सला नोंदी वाचायच्या असतात, त्याही लाखांनी. तिथे राल्फ किम्बॉल यांनी 1990 च्या दशकात रुजवलेला स्टार स्कीमा चालतो. मध्ये फॅक्ट टेबल, म्हणजे मोजायच्या गोष्टी: भाडं, वजन, हमाली. भोवती डायमेंशन: पार्टी, गाडी, ठिकाण, तारीख. आणि डायमेंशनमध्ये मुद्दाम पुनरुक्ती असते; गाव, तालुका, जिल्हा, राज्य सगळं एकाच ओळीत. नुकतंच नॉर्मलायझेशन शिकलेल्याला हे पाप वाटतं. थेट पॉवर बीआयसारख्या डॅशबोर्डच्या टूलवरून आलेल्याला उलट नॉर्मलायझेशन म्हणजे उगाच टेबलांचे तुकडे वाटतात. माझं मत: आधी तुकडे करायला शिका, मगच जोडून ठेवा. ज्याने कधी तुकडे केलेच नाहीत, त्याला आपण कुठे पुनरुक्ती केली हे दिसतच नाही.

ठिकाणाच्या डायमेंशनचं उदाहरण आपल्याच दारात आहे. 2011 च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 1,10,60,148, देशात सर्वांत जास्त. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर वेगळा झाला. 15 पैकी 8 तालुके तिकडे गेले. आता 2012 ते 2018 असा "ठाणे जिल्ह्यातली विक्री" नावाचा तक्ता काढा. मधेच आकडा धाडकन खाली येईल आणि मिटिंगमध्ये कुणीतरी सेल्सवाल्याला झापेल. विक्री पडलेलीच नसते, नकाशावरची रेघ सरकलेली असते. इलाज असा की तालुका हा तळाचा थर धरायचा आणि कुठला तालुका कुठल्या तारखेपासून कुठल्या जिल्ह्यात, हे वेगवेगळ्या ओळींत ठेवायचं. जुनी ओळ पुसायची नाही, तिला शेवटची तारीख द्यायची. मग बघणाऱ्याने ठरवावं, तेव्हाचा ठाणे हवा की आजचा.

नवी मुंबई तर त्याहून वात्रट. वाशी, ऐरोली ठाणे जिल्ह्यात. खारघर लोक नवी मुंबईच म्हणतात, पण ते रायगड जिल्ह्यात आणि 2016 पासून पनवेल महापालिकेत. शहरावरून जिल्हा काढणारं टेबल केलंत तर पहिल्याच दिवशी फसाल. शिवाय कोपरखैरणे इंग्रजीत कुणी एका शब्दात लिहितं, कुणी दोन, कुणी पर, कुणी पेर. असलं काही ना क्लासमध्ये येतं, ना कोर्समध्ये.

आपलाच लॅपटॉप

ते येतं घरी, मळक्या डेटावर. पण कुठला डेटा? ऑफिसचा नको. पार्ट्यांची नावं, फोन, पत्ते घरच्या लॅपटॉपवर आणणं म्हणजे 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा आणि आपली नोकरी, दोन्हींशी खेळ. त्यापेक्षा कृषी पणन मंडळाचे रोजचे बाजारभाव घ्या. त्यात वाशीची बाजार समितीही आहे. शेतमाल, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. दिसायला साधं. पण परिमाणाच्या खान्यात कुठे क्विंटल, कुठे नग. आवकेची सरळ बेरीज केली की कांद्याचे क्विंटल आणि कोथिंबिरीच्या जुड्या एकत्र. वेगवेगळ्या बाजारांच्या सर्वसाधारण दराची सरासरी काढली की दहा क्विंटलचा बाजार आणि दहा हजार क्विंटलचा बाजार एका पंक्तीला बसतात. इथे एक ओळ म्हणजे काय, हे स्वतःच ठरवावं लागतं.

टूलचं थोडक्यात सांगते. शिकण्यासाठी पोस्टग्रेसक्यूएल (पोस्टग्रेस) हा डेटाबेस घ्या. फुकट आहे आणि खडूस आहे. ट्रिप नसलेली बिल्टी टाकायला गेलात तर फॉरेन की लावलेली असल्यास तोंडावर नाही म्हणतो. एसक्यूलाइट हलकं आणि गोड. पण फॉरेन की पाळायला त्याला वेगळं सांगावं लागतं, आणि मुद्दाम कडक केलं नाही तर रकमेच्या खान्यात "उधारी" असा शब्दही गुपचूप ठेवून घेतं. गूगलचं बिगक्वेरी नोकरीच्या बाजारात चालतं. त्यात प्रायमरी की लिहिता येते, पण ती कुणी पाळतंय का हे ते बघत नाही. ज्याची डिझाइनची सवय तिथे लागली, त्याला की चावते म्हणजे काय हे कळलेलंच नसतं. ॲमस्टरडॅमच्या संशोधन संस्थेतून आलेलं डकडीबी मला फार आवडतं, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी खाने पाडलेल्या) फाइलवर थेट एसक्यूएल चालवतं. पण ते दुसऱ्या टप्प्याला, स्टार स्कीमा करताना.

घरच्या वाटेची खरी खोट म्हणजे चुकलं तरी कुणी सांगत नाही. 54,000 आले की आपण 54,000 वरच डॅशबोर्ड सजवतो.

नोकरी सोडून पूर्णवेळ शिकायची तयारी असेल तर चौथी वाट सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या बिग डेटा ॲनालिटिक्सच्या पदव्युत्तर डिप्लोमाची. सी-कॅट ही प्रवेश परीक्षा, साधारण सहा महिने. खारघरला त्यांचं केंद्र आहे. कुठली बॅच कुठल्या केंद्रात, ते माहितीपत्रकात बघून घ्या. नुकत्याच इंजिनिअर झालेल्या मुलीने विचारलं तर मी हेच आधी सुचवेन. घरी हप्ता भरणाऱ्याला नाही.

मग कुणी काय निवडावं? एसक्यूएल अजिबात येत नसेल आणि एकट्याने बसवत नसेल तर क्लास, पण तीन महिन्यांच्या वर नको, आणि डॅशबोर्डचा भाग सोडून देता आला तर बरं. एसक्यूएल येत असेल तर क्लासची फी वाचवा. पॉवर बीआयवर रोज काम करता आणि आकडे जुळत नाहीत, असं असेल तर कोर्समधले एंटिटी-रिलेशनशिप आणि नॉर्मलायझेशनचे आठवडे तेवढे बघा. ट्रान्झॅक्शन, रिकव्हरी हे भाग नंतर बघितले तरी चालेल. आणि कुठलीही वाट धरा, तपासणारा एक माणूस शोधा. तो डेटाबेसवाला नसला तरी चालतो, धंदा कळणारा हवा.

भाच्याला मी क्लास लावू दिला नाही. एनपीटीईएल, पोस्टग्रेस, आणि दर शनिवारी कळव्याहून येताना एक कागद, असं ठरलं. लॅपटॉप आणायचा नाही, कागदच. पहिल्या शनिवारी त्याने चार चौकोन काढून आणले: पार्टी, गाडी, ट्रिप, बिल्टी. भाडं ट्रिपच्या चौकोनात होतं, खाली दोनदा अधोरेखित केलेलं. मी पोहे पुढे केले आणि विचारलं, पार्टीने माल न उतरवता परत पाठवला तर परतीच्या मालाला नवी बिल्टी की जुनीच? आणि परतीचं भाडं कुणाच्या नावावर?

त्याने पोहे तसेच ठेवले आणि मालकांना फोन लावला.