लीटोकाला लि-५०० : लॅपटॉपमधून काढलेले सेल टॉर्चला लावणाऱ्यांसाठी

लॅपटॉपची बॅटरी ‘गेली’ म्हणून भंगारात जाते, तेव्हा आतले सगळेच सेल गेलेले नसतात. सहा सेलच्या पॅकमध्ये बहुतेक वेळा दोन-दोन सेलच्या तीन जोड्या मालिकेत असतात. एक जोडी बसली की सर्किट अख्खा पॅक बंद करतं. उरलेल्या चार सेलमध्ये, मुळात २६०० एमएएचचे (मिलिअँपिअर-अवर, साठवणुकीचं माप) असतील तर, १८००-२१०० शिल्लक असू शकतात. टॉर्चला तेवढं पुष्कळ झालं. (आपल्याकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात, इथे टॉर्च म्हणजे टॉर्च आणि आतलं नळकांडं म्हणजे सेल.)

यातला चांगला सेल निवडायला लीटोकालाचा लि-५००, म्हणजे सेल चार्ज करून तपासणारा चार्जर, घ्यावा का? घ्यावा. पण त्याच्या पडद्यावरच्या क्षमतेच्या आकड्यावर विश्वास ठेवा, रेझिस्टन्सच्या (सेलच्या आतल्या अडथळ्याच्या) नको.

चार खण, १२ व्होल्टचा अडॅप्टर, चार्जिंगला ३००, ५००, ७०० किंवा १००० मिलिअँपिअर. सेल घातल्यावर काही सेकंदांतच मोड आणि करंट ठरवावा लागतो; वेळ गेली तर सेल काढून परत घाला. क्षमतेसाठी ‘नॉर टेस्ट’ वापरा. तो आधी सेल पूर्ण भरतो, मग २.८ व्होल्टपर्यंत उतरवत मोजतो. ३०० किंवा ५०० निवडलं तर डिस्चार्ज २५० ने होतो, ७०० किंवा १००० ला ५०० ने. म्हणजे ५०० वर ठेवलेल्या २००० एमएएचच्या सेलला नुसतं उतरायलाच आठ तास लागतात. घाई असेल तर १००० ठेवा, पण चारही खण भरले की यंत्र चांगलंच तापतं. पंखा नाही, उतरवलेली सगळी ऊर्जा उष्णता होऊनच बाहेर पडते. जुने सेल एक खण सोडून लावावेत.

सेल यात घालण्याआधी मल्टिमीटर लावा. हा चार्जर सेलची जात व्होल्टेजवरून ओळखतो, त्यामुळे १.३ व्होल्टवर आलेला लिथियम (म्हणजे लॅपटॉपचा) सेल त्याला निकेलचा (१.२ व्होल्टचा) वाटू शकतो. शिवाय २ व्होल्टच्या खाली बराच काळ पडून राहिलेल्या सेलमध्ये आतला तांब्याचा पत्रा विरघळतो, आणि चार्ज करताना तेच तांबं भलत्या जागी बसून आतून शॉर्ट करतं. असा सेल चार्ज झालेला दिसला तरी टॉर्चमध्ये नको. सोलर दिव्यांतले लोहफॉस्फेट सेलही यात घालू नका. त्यांची मर्यादा ३.६५ व्होल्ट, हा ४.२ पर्यंत नेतो.

आता रेझिस्टन्स. तोच सेल काढून पुन्हा घातला की आकडा बदलतो. चार्जरच्या सरकत्या पट्टीच्या संपर्काचा अडथळाही त्यात मोजला जातो, आणि पॅकमधून सोललेल्या सेलच्या टोकावर सेल जोडणाऱ्या निकेलच्या पट्टीचे खडबडीत ठिपके राहिले असतील तर विचारूच नका. ते ठिपके कानशीने सपाट करा, तरीही मोजमाप हातानेच करा. भरलेल्या सेलला २.२ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर काही सेकंद जोडा आणि मीटरची टोकं थेट सेलवर टेकवा. ४.१५ चे ३.९५ झाले तर ०.२ व्होल्ट भागिले १.८ अँपिअर, म्हणजे सुमारे ११० मिलिओहम. ३ अँपिअरच्या टॉर्चमध्ये हाच सेल ०.३३ व्होल्टने बसेल. साध्या लिनिअर ड्रायव्हरला (टॉर्चच्या एलईडीला करंट पुरवणाऱ्या सर्किटला) पूर्ण उजेडासाठी साधारण ३.५ व्होल्ट लागतात असं धरलं, तर सेल ३.८३ वर आला की उजेड कमी व्हायला लागतो, पोटात निम्म्याच्या आसपास चार्ज असतानाच. असा सेल १ अँपिअरच्या टॉर्चला द्या, तिथे तो मजेत चालेल. रात्रीच्या पाळीला शेतात पाणी धरणाऱ्याला तसाही झगमगाट नको, तास हवेत.

तिसरी गोष्ट हा चार्जर सांगतच नाही: नुसता पडून सेलचा चार्ज गळतो का? पूर्ण भरा, एक दिवस थांबा, व्होल्टेज लिहा. तीन आठवड्यांनी परत मोजा. ४.१७ चे ४.१५ झाले तर ठीक, ४.०५ किंवा खाली गेला तर क्षमता कितीही भरो, बाद. चार्जिंगमध्ये हाताला गरम लागणारा सेलही लगेच काढा.

पॅकमधून सेल सोलताना निकेलची पट्टी ओढू नका. नोज प्लायरमध्ये टोक धरून ती पक्कडीभोवती गुंडाळत न्या, वेल्ड एकेक करून सुटतात. धनटोकाला जास्त जपा. तिथे धन बटण आणि ऋण डब्याची कड यांत जेमतेम एखाद-दोन मिलिमीटरचं अंतर असतं. वेष्टण फाटलं असेल तर आधी कागदी वॉशर, मग श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसणारं प्लास्टिकचं वेष्टण). दोन्ही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत शोधा. सपाट टोक टॉर्चला टेकत नाही म्हणून चुंबकाची चकती ठेवायची युक्ती करतात. ती घसरून कडेला लागली की थेट शॉर्ट. टोकाला उठाव हवा असणारा टॉर्चच अशा सेलसाठी घेऊ नका.

लॅपटॉपच्या सुट्या सेलला स्वतःचं संरक्षण सर्किट नसतं. म्हणून टॉर्च एकाच सेलचा आणि सुमारे २.८ व्होल्टला बंद होणारा हवा. दोन सेल मालिकेत घालायचे टॉर्च पूर्ण वर्ज्य: कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि दुसरा त्याला उलटा चार्ज करतो. बाद सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. चांगल्यावर मार्करने क्षमता, मिलिओहम आणि तारीख लिहा.