लॅपटॉपवर लिनक्स: सगळं चाललं, फक्त स्लीप सोडून

लॅपटॉपची बिजागरी सैल झाली म्हणून सर्व्हिस सेंटरला नेला, तर उत्तर मिळालं, "आधी विंडोज टाकून आणा, मग बघू." बिजागरीचा आणि ऑपरेटिंग सिस्टीमचा काय संबंध? भांडून काम करून घेतलं. लिनक्स टाकलं की सगळं खापर त्याच्यावर फुटतं, म्हणून काही महिन्यांचा अनुभव नीट लिहितोय.

इन्स्टॉलरला एसएसडी दिसेना. बायॉसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) स्टोरेज इंटेलच्या आरएसटी मोडवरून साध्या एएचसीआय मोडवर आणल्यावर दिसली. आवाज, टचपॅड, ब्राइटनेसची बटणं लगेच चालली. फिंगरप्रिंटचा नाद सोडलाय.

खरा छळ स्लीपचा. झाकण बंद करून बॅगेत ठेवायचा आणि बाहेर काढावा तर तापलेला, बॅटरी तळाला. नव्या लॅपटॉपांमध्ये बऱ्याचदा फक्त एस-टू-आयडल ही हलकी झोप मिळते. त्यात मशीन पूर्ण बंद होत नाही, आणि एखादा भाग जागा राहिला तरी बॅटरी जळत राहते. जुन्या एस-थ्री या गाढ झोपेत रॅम सोडून जवळपास सगळ्याची वीज तुटते. लिनक्समध्ये 'सिस'मधल्या 'पॉवर' फोल्डरात 'मेम_स्लीप' नावाची फाईल असते. तिच्यात 'डीप' दिसलं तर एस-थ्री आहे. माझ्यात होतं. ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्स सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये, 'मेम_स्लीप_डिफॉल्ट=डीप' टाकलं आणि रात्रभरात बॅटरी जेमतेम हलली. लॅपटॉप घेण्याआधी प्रोसेसरपेक्षा ही फाईल बघा, असं मी आता सगळ्यांना सांगतो.

पण मग जाग आल्यावर वायफाय गायब! ड्रायव्हरचं मॉड्यूल काढून पुन्हा चढवलं की यायचं. ते आपोआप करणारी स्क्रिप्ट लावली. पुढे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अपडेट झाला आणि बाहेरून टाकलेला तो ड्रायव्हर नव्या कर्नलवर कम्पाइलच होईना. तेव्हा या लॅपटॉपला पाचपैकी दोन तारे द्यायचं पक्कं केलं होतं.

नवा लॅपटॉप घेणं मला पटत नव्हतं, म्हणून वायफायचं कार्डच बदललं. मागचं कव्हर उघडलं, एक स्क्रू काढला, अँटेनाच्या दोन बारीक वायरी हलक्या हाताने उचलल्या आणि इंटेलचं एएक्स२१० बसवलं. त्याला कर्नल ५.१० किंवा पुढचा लागतो. ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. एएक्स२११ मात्र चुकूनही घेऊ नका, ते फक्त सीएनव्हीआय (वायफायचा काही भाग इंटेलच्या चिपमध्येच असण्याची सोय) असलेल्या इंटेल मशीनवरच चालतं.

त्या दिवसापासून वायफायची एकही तक्रार नाही, स्क्रिप्टही काढून टाकली. आता चार तारे. पाचवा मी सर्व्हिस सेंटरच्या त्या उत्तरासाठी कापलाय, आणि तो परत देणार नाही.