हर्क्युलिसवर एमव्हीएस ३.८जे: काही महिने लॅपटॉपवर वापरल्यानंतर

पावसाळ्यापासून घरच्या लॅपटॉपवर हर्क्युलिस (लॅपटॉपला आयबीएमच्या मेनफ्रेमचं सोंग घ्यायला लावणारा एम्युलेटर) आणि त्यावर एमव्हीएस ३.८जे ही मेनफ्रेमची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम चालवतोय, टर्नकी ४ हे युर्गेन विंकेलमान यांनी तयार करून दिलेलं पॅकेज. मी पुण्यात मेनफ्रेम सपोर्टला आहे, दिवसभर कोबोल ही भाषा आणि जॉब चालवायच्या सूचना लिहायचं जेसीएलच असतं, पण ऑफिसच्या सिस्टिमवर मेमरीत हात घालून बघायला कोण देणार, आणि मला नेमकं तेच करायचं होतं.

इन्स्टॉल करायला काही नाही. झिप उघडा, स्क्रिप्ट चालवा, आयपीएल (म्हणजे बूट) आपोआप होतो, ३२७० टर्मिनल (मेनफ्रेमचा स्क्रीन) जोडलं की टीएसओ, म्हणजे कमांड द्यायची जागा, समोर. साध्या लॅपटॉपवर छान पळतं, रास्पबेरी पायवरसुद्धा.

खरा माल ॲड्रेसिंगमध्ये आहे. सिस्टिम ३७० या त्या काळच्या आयबीएम मशीनचा मेमरी ॲड्रेस २४ बिटांचा, म्हणजे १६ एमबीला हद्द संपली, पण ॲड्रेस ठेवायचं प्रोसेसरमधलं रजिस्टर ३२ बिटांचं, त्यामुळे वरचा एक बाइट मोकळा राहायचा आणि त्या काळच्या लोकांनी त्यात बिनधास्त फ्लॅग ठेवले. आपला प्रोग्रॅम दुसऱ्याला कॉल करतो तेव्हा पॅरामीटर लिस्टमधल्या शेवटच्या ॲड्रेसचा पहिला बिट ऑन करतात, लिस्ट इथे संपली हे कळावं म्हणून. डंप (मेमरीची हेक्समधली प्रत) काढून बघा, बाकीचे ॲड्रेस ०० ने सुरू होतात आणि शेवटचा ८० ने. आपल्याकडे झेड/ओएस या आजच्या मेनफ्रेम सिस्टिमवर ‘बिलो द लाईन’ (१६ एमबीच्या खाली), एमोड २४ (प्रोग्रॅम २४ बिटांचे ॲड्रेस वापरतो), आरमोड २४ (प्रोग्रॅम त्या रेघेखाली लोड होतो) हे रोज कानावर पडतं, नवीन पोरं पाठ करून टाकतात, पण असं का हे इथे समजतं. १९८० च्या दशकात ३१ बिट आले तेव्हा वरच्या बाइटमध्ये सामान भरलेले जुने प्रोग्रॅम तसेच्या तसे वर नेता येईनात, म्हणून ती १६ एमबीची रेघ आजही आहे.

दुसरी गोष्ट बेस रजिस्टर, म्हणजे जिथून मोजायचं तो ॲड्रेस ठेवणारं रजिस्टर. इन्स्ट्रक्शनमध्ये डिस्प्लेसमेंटला (बेसपासून किती पुढे) फक्त १२ बिट, म्हणजे एका बेसवरून ४०९६ बाइटच गाठता येतात. कोबोल कंपाइल करताना डीमॅप ऑप्शन द्या, प्रत्येक फील्डसमोर बेस लोकेटर (कुठला बेस त्याचा नंबर) आणि डिस्प्लेसमेंट छापून येतं, पीमॅप दिला तर कंपायलरने काढलेल्या इन्स्ट्रक्शनही दिसतात. मोठ्या वर्किंग स्टोरेजमध्ये (प्रोग्रॅमच्या व्हेरिएबलची जागा) लोकेटरचा नंबर कुठे बदलतो ते बघत बसलो की माझा अख्खा रविवार जातो.

आणि एमव्हीसी! कॉपी करणारी ही एक इन्स्ट्रक्शन नीट समजली तरी एवढा खटाटोप वसूल. एका वेळी जास्तीत जास्त २५६ बाइट, डावीकडून उजवीकडे, एकेक बाइट. १३३ कॉलमची प्रिंट लाईन कोरी करायची असेल तर पहिल्या बाइटमध्ये ब्लँक टाकायचा आणि लाईन ‘लाईन अधिक १’ वर १३२ लांबीने कॉपी करायची, तो एकच ब्लँक पुढे पुढे सरकत शेवटपर्यंत भरला जातो. लिस्टिंगमध्ये ऑब्जेक्ट कोड डी२८३ दिसतो, डी२ म्हणजे एमव्हीसी आणि हेक्स ८३ म्हणजे १३१, कारण मशीनमध्ये लांबी एक कमी करून ठेवतात. लांब डेटा हलवणाऱ्या एमव्हीसीएलला हे चालत नाही, ओव्हरलॅपमुळे डेटा खराब होणार असं दिसलं की ती काही न हलवता कंडिशन कोड ३ देते. तिथे सोर्सची लांबी शून्य ठेवायची आणि पॅड बाइट (उरलेली जागा भरणारा) ब्लँक द्यायचा, काम होतं.

फाईल ट्रान्सफरचा एक प्रयोग मुद्दाम करून बघितला, तो सपोर्टवाल्या प्रत्येकाने करावा. कॉम्प-३ फील्डमध्ये (पॅक्ड डेटा, बाइटला दोन अंक आणि शेवटी चिन्ह) अधिक २५, म्हणजे हेक्स ०२ ५सी, शेवटचा सी हे प्लस चिन्ह. फाईल टेक्स्ट मोडमध्ये लॅपटॉपवर उतरवली तर एब्सिडिकमधला (मेनफ्रेमचे अक्षरांचे कोड) ५सी हा स्टार समजून लॅपटॉपच्या आस्कीचा २ए होतो. आता हेच बाइट कुणी बायनरीत परत वर चढवले तर ०२ २ए, आणि ए हे सुद्धा वैध प्लस चिन्ह, म्हणजे पंचवीसचे बावीस झाले आणि एस०सी७ (खराब आकड्यावर जॉब पाडणारा एरर) पण नाही! जॉब हिरवागार संपणार, रक्कम चुकलेली. पॅक्ड डेटा असेल तर दोन्ही बाजूंना बायनरीच, ह्यात तडजोड नको.

आता उणिवा. कोबोल कंपायलर फार जुना, एंड-इफ नाही, इव्हॅल्युएट नाही, इनलाइन परफॉर्म नाही, आजचा सोर्स तसाच टाकला तर एररचा पाऊस पडतो. आयबीएमचा आयएसपीएफ (एडिटर आणि मेनू) नाही, आरपीएफ किंवा रिव्ह्यू या तशाच टूलवर भागवावं लागतं, माझा हात बसायला वेळ लागला पण आता अडत नाही. डीबी२ डेटाबेस नाही. इंटरव्ह्यूसाठी आजचं झेड/ओएस शिकायचं असेल तर आयबीएमचं झेड एक्सप्लोर हे ऑनलाइन शिकायचं ठिकाण फुकट आहे, तिकडे जा, आणि लायसन्स नसलेलं झेड/ओएस कुणी देत असेल तर घेऊ नका.

असेंबलर, फोरट्रान, पीएल/१ मात्र मस्त चालतात. पीडीएस (आत अनेक मेंबर असलेली फाईल) भरून ई३७ हा जागा संपल्याचा एरर आला की आयईबीकॉपी युटिलिटीने कॉम्प्रेस करा. बंद करताना लॅपटॉपचं झाकण नुसतं मिटू नका, आधी सिस्टिम रीतसर शटडाउन करा आणि मग डिस्कच्या फाईलींचं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा, एवढ्यात पूर्ण बॅकअप होतो.