पळणीचा मुरुगन: चढण, रांग आणि पंचामिर्तम्

मुरुगनची, म्हणजे आपल्या कार्तिकेयाची, सहा मुख्य क्षेत्रं तमिळनाडूत ‘अरुपडै वीडु’ म्हणून ओळखली जातात: तिरुप्परंकुंद्रम्, तिरुचेंदूर, पळणी, स्वामीमलै, तिरुत्तणी आणि पळमुदिर्चोलै. मदुराई-रामेश्वर करताना किंवा कोडाईकनालहून घाट उतरताना यातलं एकच जमणार असेल, तर दिंडीगुल जिल्ह्यातलं पळणी निवडावं. पळणी सोपं नाही, पण रोजची एवढी गर्दी डोंगरावर चढवून उतरवणारी इतकी घडी बसलेली व्यवस्था क्वचितच बघायला मिळते.

गोष्ट आपल्याला अर्धी माहीत असते. फळासाठी पृथ्वीप्रदक्षिणेची पैज लागली आणि गणपतीने आईबापांभोवती फेरी मारून ती जिंकली. आपल्याकडे कथा इथे संपते, पळणीची इथून सुरू होते. रुसलेला कार्तिकेय सगळं टाकून या डोंगरावर येऊन उभा राहिला. ‘पळम् नी’, म्हणजे ‘फळ तूच आहेस’, या समजुतीच्या शब्दांवरून गावाचं नाव पडलं असं इथे सांगतात. म्हणून गाभाऱ्यातला देव हातात दंड घेतलेला, लंगोटीतला दंडायुधपाणी आहे. मूर्ती नवपाषाणाची, म्हणजे नऊ द्रव्यांच्या मिश्रणाची, आणि भोगर या तमिळ सिद्धपुरुषाने घडवलेली मानतात. भोगरांची समाधी वरच प्राकारात आहे आणि घाईत बहुतेकांची ती राहून जाते.

वर जायच्या चार वाटा आहेत. पायऱ्या सातशेच्या आत-बाहेर, सरावाच्या माणसाला अर्धा-पाऊण तास. दुसरी ‘यानै पादै’, म्हणजे हत्तीची वाट. ती हलक्या चढाची आणि रुंद आहे, पायऱ्या कमी, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्यांनाही थांबत थांबत जमते. आमचं मत विचाराल तर चढताना हीच घ्यावी. तिसरी विंच, म्हणजे पोलादी दोराने रुळांवरून ओढला जाणारा डबा. ती १९६६ पासून चालू आहे आणि सुमारे आठ मिनिटांत वर नेते. चौथी रोप कार, २००४ पासूनची, जेमतेम तीन मिनिटांची.

रोप कारच्या भरवशावर बेत आखू नका, हे मात्र आवर्जून सांगायचं आहे. दुपारी ती तासाभरासाठी बंद असते, महिन्यातून एक दिवस देखभालीसाठी बंद असते आणि वर्षातून एकदा महिनाभर किंवा त्याहून जास्त. शिवाय वारा वाढला की लगेच थांबवतात. पालघाटच्या खिंडीतून येणारा नैर्ऋत्य वारा जून ते ऑगस्टमध्ये इथे चांगलाच जाणवतो, त्यामुळे त्या दिवसांत ती कधी थांबेल याचा नेम नसतो. शनिवार-रविवारी तीन मिनिटांच्या प्रवासासाठी रांगेतच इतका वेळ जातो की तेवढ्यात हत्तीच्या वाटेने माणूस वर पोचलेला असतो. म्हातारी माणसं बरोबर असतील तर सकाळी लवकर विंच गाठावी.

मोबाइल आणि कॅमेरा वर नेता येत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही बंदी आहे आणि ती मनापासून पाळली जाते. पायथ्याशी ठेवायची खिडकी आहे, एका फोनला पाच रुपये. इथेच नवख्यांची गंमत होते. खिडक्या प्रत्येक वाटेच्या तोंडाशी वेगवेगळ्या आहेत. पायऱ्यांशी फोन आणि चपला ठेवल्या आणि उतरताना रोप कार धरली, की सामान डोंगराच्या एका बाजूला आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला. मग गिरिवलम् रस्त्याने, म्हणजे डोंगराभोवतीच्या प्रदक्षिणेच्या वाटेने, अनवाणी वळसा. खासगी वाहनांना त्या रस्त्यावर बंदी आहे. देवस्थानच्या बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत, पण गर्दीत त्या भरलेल्या असतात. तेव्हा ज्या वाटेने चढाल तिनेच उतरा, नाहीतर फोन खोलीवरच ठेवून या. दुपारचा दगड तळवे भाजतो, सकाळी नऊच्या आत चढलेलं बरं.

वरचं मंदिर सकाळपासून रात्रीपर्यंत सलग उघडं असतं. स्वामीमलै किंवा तिरुप्परंकुंद्रम्‌ला दुपारी दार बंद मिळतं, तसं इथे होत नाही. धर्मदर्शनाची रांग फुकट आणि पैसे भरून जायची वेगळी. साधारण दिवशी दोन्हींत फार फरक नसतो, सुट्टीच्या दिवशी तिकीट काढलेलं परवडतं. दिवसभरातल्या पूजांप्रमाणे अलंकार बदलतात. संध्याकाळच्या, साडेपाचच्या सुमाराच्या सायरक्षै पूजेनंतर राजा अलंकार चढतो. सकाळी दंड घेतलेला संन्यासी बघितलेला असेल आणि संध्याकाळी तोच मुकुट घालून राजा झालेला दिसला, तर डोळे भरून येतात. एक रात्र मुक्काम करून दोन्ही दर्शनं घ्यावीत. रात्रीच्या पूजेत मूर्तीला लावलेलं चंदन पहाटे प्रसाद म्हणून मिळतं, तेही मग साधतं. रांगेत ‘वेट्रिवेल मुरुगनुक्कु’ अशी हाक आली की सगळ्यांबरोबर ‘अरोगरा’ म्हणायचं.

कार्तिकस्वामीचं दर्शन एरवी बायकांनी घेऊ नये, फक्त कार्तिकी पौर्णिमेच्या कृत्तिका योगावर घ्यावं, ही आपल्याकडची समजूत इथे नाही. दक्षिणेत मुरुगनला वळ्ळी आणि देवसेना या दोन बायका आहेत. पळणीत तो संन्यासी रूपात असला तरी लेकुरवाळ्या बायका, आज्या, शाळकरी मुली रोज रांगेत असतात. घरातल्या कोणी या कारणाने मागे राहू नये.

केस द्यायचा नवस असेल तर मुंडन देवस्थानच्या जागेतच करावं, त्याला शुल्क नाही. कोणी पैसे मागितले तर पावती मागा. नंतर डोक्याला चंदन फासतात, ते उन्हात सुखाचं वाटतं.

आता पंचामिर्तम्. आपलं पंचामृत दूध-दह्याचं, पातळ. हे मुरंब्यासारखं दाट, काळपट तपकिरी आणि चमच्याला चिकटून राहणारं. केळी, गूळ, गाईचं तूप, मध आणि वेलची, शिवाय खजूर आणि खडीसाखर. पाण्याचा थेंबही घालत नाहीत. मुळात केळंच वेगळं: पळणीच्या डोंगरात पिकणारं विरुपाक्षी, आखूड, जाड सालीचं आणि कमी पाण्याचं. पाणी कमी म्हणून कुस्करल्यावर सुटत नाही आणि गुळासाखरेत मुरून टिकतं. २०१९ मध्ये पळणीच्या पंचामिर्तम्‌ला भौगोलिक मानांकन मिळालं. झाकण उघडल्यावर आधी वेलची येते, मग तूप, आणि जिभेवर शेवटपर्यंत केळं राहतं. खडीसाखरेचा खडा मधेच दाताखाली येतो.

घ्यायचं ते देवस्थानच्या खिडकीवरूनच, डब्यावरची तारीख वाचून. बाहेर दुसऱ्या, जास्त पाण्याच्या केळ्यांचं विकायला असतं, ते लवकर आंबतं. झाकण फुगलेलं दिसलं तर डबा घेऊ नका, आत आंबायला सुरुवात झालेली असते. घरी ओला चमचा घातलात तर चांगलंही दोन-तीन दिवसांत फसफसतं. विमानाने परतणार असाल तर डबा चेक-इन सामानात, उभा, पिशवीत गुंडाळून ठेवा. हातातल्या बॅगेतून नेलात तर सुरक्षा तपासणीत काढून घेण्याचीच शक्यता जास्त.

कमी काय? फलक बहुतेक तमिळमध्ये, त्यामुळे कोणती रांग कुठे जाते ते विचारत फिरावं लागतं. ‘विंच’, ‘पडि’ म्हणजे पायरी आणि ‘यानै पादै’ एवढे शब्द आले तरी भागतं. जेवणाची काळजी नको, वर दिवसभर अन्नदान चालतं.

तैपूसम् (जानेवारी-फेब्रुवारी) आणि पंगुनी उत्तिरम् (मार्च-एप्रिल) या दिवसांत कावडी घेऊन दूरदूरहून माणसं पायी येतात. आपल्या वारीची आठवण यावी असं ते दृश्य आहे. पण लहान मुलं बरोबर असतील तर तेव्हा डोंगर चढू नका, पायथ्याशी तिरुआविनंकुडीत बालमुरुगनाचं दर्शन घ्या. सहा क्षेत्रांतलं मूळ स्थान तेच मानतात.